पुसलेला रिमोट

दुकानदारानं रिमोट हातात दिला आणि भाईदासनं तो काउंटरवर टाकूनच दिला, अंगावर पाल पडावी तसा. रिमोट नवाकोरा होता. आत्ता, त्याच्या डोळ्यांसमोर, प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलेला. वास येत होता तो खोक्याचा आणि थर्माकोलचा. तरी भाईदासचा हात आपसूक पँटला पुसला गेला, एकदा, दोनदा, मग खिशातला रुमाल काढून त्यानं बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसून घेतल्या. दुकानाचा मालक भटू चौधरी बघतच राहिला. "काय झालं साहेब? करंट लागला का?" "छे, छे. घाम," भाईदास म्हणाला. मार्च संपत आला होता, आणि जळगावात दुपारी बारानंतर घामाचं कारण कुणी विचारत नाही. नव्या मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दुकानात एका बाजूला टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम होता आणि दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर, आणि दोन्ही पडद्यांवर मोटारी एकाच वेळी उभ्या होत्या. भटूनं दोन्हीकडे मोटारीचाच खेळ लावला होता, कारण भाईदासनं मागितला होता तोच. "खरं सांगू का साहेब," भटू म्हणाला, "गेमच खेळायचा असेल तर कॉम्प्युटरच्या नादी लागू नका. हे घ्या. तार टीव्हीला लावली, कॅसेट घातली, की चालू. तिकडे तो सुरू व्हायलाच पाच मिनिटं, मग इंग्रजीत नाव टाइप करा, मग की-बोर्डवर बोटं नाचवा. कॉम्प्युटर कामाची वस्तू आहे. कोणासाठी पाहिजे? मुलासाठी?" भाईदासला मुलगा नव्हता. एक मुलगी होती, ती नाशिकला होस्टेलवर राहून शिकत होती. तो म्हणाला, "हो, मुलासाठी."

बापासाठी पाहिजे, असं कोणत्या तोंडानं सांगणार? एकाहत्तर वर्षांचा म्हातारा, धुळे डेपोचा रिटायर्ड ड्रायव्हर, उजवी बाजू लकव्यानं गेलेली, तोंड वाकडं, आणि त्या वाकड्या कोपऱ्यातून दिवसभर लाळ. त्याला व्हिडिओ गेम! भटू हसला नसता कदाचित. पण नाही हसला तर तेही सहन झालं नसतं. नानांना गेल्या श्रावणात धुळ्याला लकवा मारला आणि भाईदासनं त्यांना जळगावला आपल्या घरी आणलं. डॉक्टर म्हणाले होते, हातापायात जे काय परत यायचं ते वर्षाच्या आत येईल, नंतर धरून चालू नका. हाताला काम द्या. काम म्हणजे रबरी चेंडू दाबायचा. नानांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं भिरकावून दिला. मग शेजारच्या प्रमिलाबाई त्यांना दुपारी आपल्याकडे नेऊ लागल्या. त्यांचे यजमान हिलालभाऊ वरणगावच्या फॅक्टरीत, पोरं दुपारच्या शाळेत, घरात टीव्ही गेम पडलेला. बाईंनी सहज म्हणून मोटारीची कॅसेट लावून दिली. डाव्या अंगठ्यानं गाडी वळवायची, उजव्या अंगठ्यानं बटण दाबलं की गाडी पळायची, सोडलं की थांबायची. जन्मभर उजव्या पायानं केलेलं काम आता उजव्या अंगठ्याला करायचं होतं, एवढाच फरक. पहिले आठ दिवस गाडी जागची हलली नाही. नवव्या दिवशी भाईदास त्यांना आणायला गेला तर नाना खुर्चीतून जवळजवळ उठले होते. "देख," ते ओरडले, सात महिन्यांत त्यांच्या तोंडून एवढा स्पष्ट शब्द निघाला नव्हता, "देख, हालस!" भाईदासनं पाहिलं. मांडीवर ठेवलेल्या त्या मेल्या हाताचा अंगठा, पिवळट, नख वाढलेला, बटणावर खाली गेला आणि वर आला. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मागाहून त्याला काहीही म्हणता आलं असतं, पण पाहिलं नव्हतं असं म्हणता आलं नसतं.

आणि तरीसुद्धा दुकानात उभं राहून आठवला तो अंगठा नाही. आठवला तो शनिवार. कचेरी अर्धा दिवस होती, तो लवकर आला, आणि दोन घरांमधल्या बोळातून येताना प्रमिलाबाईंच्या खिडकीतून आत नजर गेली. बाई मोरीपाशी उभ्या होत्या. रिमोट त्यांनी तारेला धरून लोंबकळत ठेवला होता, मेलेला उंदीर शेपटीला धरतात तसा, आणि दुसऱ्या हातानं ओल्या फडक्यानं तो खसाखसा पुसत होत्या. कपाळावर आठी. डेटॉलचा वास बोळापर्यंत आलेला. आणि आतल्या खुर्चीत नाना बसून वाट बघत होते. तोंड उघडं, लाळेची तार हनुवटीवरून सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापर्यंत पोचलेली, उन्हात चकाकत होती.  भाईदासला आधी बाईंचा राग आला. मग राग विरून गेला आणि उरली ती निव्वळ किळस, बापाची किळस, सख्ख्या बापाची. त्या रिमोटला कोण बोट लावणार होतं आता? उष्टा रिमोट. खरं तर बाईंची पोरं कॅसेट अडली की ती उपसून तिच्या तोंडात फूंऽऽ करून फुंकर मारत, थुंकी उडे, आणि तीच कॅसेट दुसरा फुंके, तिसरा फुंके, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पोरांची थुंकी चालते. म्हाताऱ्याची लाळ डेटॉलनं पुसावी लागते. त्या रात्री त्याला वरण खाववलं नाही. वाटीतल्या पातळ वरणाकडे बघून तो उठला. लिला, त्याची बायको, म्हणाली, "अहो, काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही, मीठ जास्त आहे." दुसऱ्या दिवसापासून त्यानं नानांना तिकडे पाठवणं बंद केलं. प्रमिलाबाई दोनदा विचारायला आल्या, त्यांना सांगितलं, नानांना बरं नाही. नानांना सांगितलं, आपण आपली स्वतःची गाडी आणू. तेव्हापासून रोज संध्याकाळी, त्यानं दारात चपला काढल्या की आतून वाकडातिकडा आवाज येई, गाडी आणलीस का म्हणून, "गाडी लई उना का?"

अहिराणी. तीही त्याला नकोशी झाली होती. धुळ्याहून कॉलेजला जळगावात आला तेव्हापासून त्यानं ती जिभेवरून खरवडून काढली होती. पहिल्याच दिवशी वर्गात हजेरीला पूर्ण नाव पुकारलं गेलं, भाईदास उखर्डू पाटील, आणि मागच्या बाकांवर कुणीतरी खिक्कन हसलं. उखर्डू! आजीची आधीची तीन पोरं जन्मून आठवडाभरात गेली होती. चौथं झालं तेव्हा तिनं ते सुपात घालून उकिरड्यावर नेलं, शेणाकेरात लोळवलं, शेजारणीनं ते उचलून परत आणलं आणि नाव ठेवलं उखर्डू. का, तर यम न्यायला आला की त्याला किळस यावी, त्यानं नाक मुरडून मागच्या पावली परत जावं. यमाला आली असणार किळस, कारण पोर जगलं, शाळेत नापास झालं, ड्रायव्हर झालं. सुट्टीत भाईदास त्यांच्याबरोबर नवापूरच्या गाडीत बोनेटजवळ बसून जाई. कोंडाईबारीचा घाट आला की दर वेळी त्याला उलटी होई, न चुकता. नाना गाडी कडेला घेत. एकदा मात्र कडेला घ्यायला जागा नव्हती, समोरून ट्रक, आणि भाईदासचं तोंड फुगलेलं. नानांनी डावा हात गियरवरून काढून त्याच्या हनुवटीखाली ओंजळीसारखा धरला. सगळं त्या ओंजळीत आलं, सकाळची भाकरी, दूध, आंबट पाणी. नानांनी ते खिडकीबाहेर टाकलं, सदऱ्याला हात पुसला आणि गियर टाकला. "काय नही व्हस," ते म्हणाले, "पाणी पी." मागच्या बाकावरच्या बाईनं पदर नाकाला लावला होता. नानांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. हे भाईदासला भटूच्या दुकानात आठवलं आणि त्याला गहिवरून वगैरे आलं नाही. उलट तीस वर्षांपूर्वीची ती ओंजळ डोळ्यांसमोर येऊन त्याला पुन्हा मळमळलं. माणूस इतका कोडगा कसा असतो, असंच त्याच्या मनात आलं.

"काय मग साहेब?" भटू म्हणाला. भाईदासनं एकदा टीव्ही गेमकडे पाहिलं. लाल-काळं खेळणं, रिमोटची तार काउंटरवरून खाली लोंबत होती. हे घरी न्यायचं म्हणजे बाहेरच्या खोलीत टीव्हीला लावायचं, दार उघडं, येणारा-जाणारा बघणार, वाकड्या तोंडाचा म्हातारा पोरांचा खेळ खेळतोय, आणि मागे आपण फडकं घेऊन उभे. मग त्यानं कॉम्प्युटरकडे पाहिलं. त्यांच्या कचेरीत वर्षापूर्वी एक आला होता. काचेची केबिन, थंड हवेचं यंत्र, दारात चपला काढायच्या. आत एक विशीचा पोरगा बसे आणि मोठे साहेब त्याला "अहो-जाहो" करत. भाईदास अठरा वर्षं नोकरी झालेला हेडक्लार्क, पण काचेला नाक लावून उभा राही. कॉम्प्युटर घरात आला म्हणजे गल्लीत कुणी काय समजायचं ते समजेल. आणि त्याच्यातही मोटार होतीच की! "यातही गाडीचा गेम येतोच ना?" त्यानं विचारलं. "येतो," भटू म्हणाला, "पण सगळं बाणांच्या बटणांवर असतं हं. एकाच हातानं होतं, दुसरा हात रिकामाच." भाईदासला हे चांगलं ऐकू आलं. तो म्हणाला, "मग तर सोपंच. हाच द्या. गाडी तेवढी भरून द्या त्यात." आणि आपण बापाच्या सोयीचंच बघतोय, असं त्यानं स्वतःला इतकं चटकन पटवलं की जिना उतरताना त्याला चक्क भूक लागली.

पाडव्याला कॉम्प्युटर आला. लिलानं आतली खोली सारवल्यासारखी पुसून काढली. टेबल देव्हाऱ्याच्या शेजारी लावलं, कारण घरात धूळ नसलेली जागा तेवढीच. पडद्यावर हळदी-कुंकवाची बोटं, झेंडूचा हार, पुढे नारळ फोडला तर त्याचं पाणी की-बोर्डवर उडेल म्हणून तो बाहेर उंबऱ्यावर फोडला. सगळी गल्ली येऊन गेली, चपला बाहेर काढून, हात जोडून. प्रमिलाबाईही आल्या, पेढा घेतला आणि म्हणाल्या, "छान केलं भाऊ. पण नानांची गाडी?" "त्याच्यातच आहे," भाईदास म्हणाला. लिलानं हौसेनं निळ्या कापडाची खोळ शिवली, कडेला लेस लावून. मग आपोआपच काही गोष्टी ठरत गेल्या. पूजा केलेल्या वस्तूला पारोशानं हात लावायचा नाही. त्या खोलीत खाणं नाही, पिणं नाही. शेजारी देव, त्यामुळे उष्टंखरकटं तर मुळीच नाही. हे सगळं ठरताना नाना उंबऱ्याच्या अलीकडे खुर्चीत बसून होते आणि त्यांची हनुवटी ओली होती. ते कुणी काढलेले नियम नव्हते, आणि म्हणूनच ते मोडायची कुणाची छाती नव्हती. आठ दिवस गेले, पंधरा गेले. शेवटी लिलाच म्हणाली, "अहो, म्हातारा माणूस रोज दाराशी बसून त्या खोळीकडे बघतो. एकदा बसवा तरी त्यांना. मला नाही बघवत."

रविवारी सकाळी, नानांची अंघोळ उरकून, गळ्यात टॉवेल बांधून, त्यांना टेबलापाशी बसवलं. भाईदासनं खोळ काढली, घडी घातली. कॉम्प्युटर घुरघुरत सुरू झाला, नाना पडद्याकडे बघत राहिले. गाडी आली. भाईदासनं त्यांचा डावा हात बाणांच्या बटणांवर ठेवला. "हे दाबलं की पुढे, हे की वळते. सोपं आहे." नानांनी उजवा हात वर आणायची धडपड केली. खांदा उचलला गेला, हात टेबलाच्या कडेला अडकला. "तो नाही लागत नाना, त्याचं काही काम नाही," भाईदास म्हणाला आणि हात उचलून परत त्यांच्या मांडीवर ठेवला. गाडी निघाली, वळली, भिंतीवर आपटली. पुन्हा निघाली. नाना पुढे झुकले, तोंड उघडलं, घाट आल्यासारखा त्यांचा खांदा वळणाबरोबर कलला. आणि एक थेंब, जाड, लांबट, टॉवेल चुकवून बटणांच्या फटीत पडला. "शीऽ!" हा शब्द भाईदासच्या तोंडातून कसा निघाला त्याचं त्यालाच कळलं नाही. त्यानं की-बोर्ड नानांच्या हाताखालून ओढून घेतला, उलटा केला, झटकला, खिशातला रुमाल फटीत घातला. दोन-तीनदा तो शी, शी म्हणाला असेल. मग त्यानं वर पाहिलं. नाना त्याच्याकडे बघत होते. रागावले नव्हते. घाटातल्या त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, तसंच आताही काही नव्हतं. डाव्या हातानं त्यांनी टॉवेलचं टोक धरून तोंड पुसलं, नीट, दोनदा. "हाई गाडी नही शे," ते म्हणाले. त्या संध्याकाळपासून त्यांनी गाडीचं विचारणं सोडलं.

उन्हाळा गेला, पाऊस आला, कॉम्प्युटरची खोळ दोनदा धुऊन झाली. भाईदास रविवारी त्यावर बसे, पत्त्यांचा एक खेळ होता तो खेळे, आणि खेळता खेळता त्याचं लक्ष त्या फटीकडे जाई. फट कोरडी होती, स्वच्छ होती, तिथं काही नव्हतं. तरी ते बटण तो करंगळीच्या नखानं दाबे. स्वतःच्या करंगळीची त्याला शिसारी येऊ लागली होती. नानांचा उजवा अंगठा हळूहळू तळहातात वळला आणि बाकीची बोटं त्याच्यावर मिटली. अंघोळीच्या वेळी ती एकेक उघडून आतला मळ काढावा लागे, त्याला कुबट वास येई. ते काम लिला करी. डॉक्टरांच्या वर्षातले अकरा दिवस उरले होते तेव्हा एका दुपारी गल्लीत टेम्पो उभा राहिला. हिलालभाऊंना वरणगावला क्वार्टर मिळाली होती. प्रमिलाबाई एक पिशवी घेऊन आल्या. "हा गेम नानांना राहू द्या, भाऊ. पोरांना आता क्रिकेट लागलंय. रिमोट मात्र जपून वापरा, त्याच्या बटणावर मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. नानांचा अंगठा घसरायचा ना, त्यासाठी. पण पोरं तेलकट हातांनी खेळायची, शेवचिवडा खायचे आणि तसेच धरायचे. मग ते रबर बुळबुळीत व्हायचं, नानांना जोर लागायचा नाही. म्हणून त्यांच्या हातात द्यायच्या आधी रोज मी तो डेटॉलनं घासून घ्यायची. चिडचिड व्हायची माझी पोरांवर. नाना बिचारे वाट बघत बसायचे, पुसून होईस्तोवर." हे त्या जाता जाता बोलल्या, काहीच न बोलल्यासारख्या, आणि टेम्पोत पुढे बसून निघूनही गेल्या.

भाईदास पिशवी घेऊन उभा राहिला. त्याला ओरडावंसं वाटलं, पण कोणावर? खिडकीत त्यानं जे पाहिलं होतं ते बाईंच्या हातात नव्हतंच, ते सगळं त्यानं बोळातून येताना बरोबर आणलं होतं. आधी, बाई नाना खेळायच्या आधी पुसत होत्या. त्यानं बाहेरच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं. टीव्हीला तार लावली, कॅसेट घातली. पडदा नुसता करडा. कॅसेट अडली होती. त्यानं ती उपसली, तिच्या तोंडाकडे पाहिलं, चार पोरांची वर्षानुवर्षांची थुंकी आणि धूळ, आणि डोळे मिटून त्यात फुंकर मारली. जिभेला कडवट, धातूची चव आली. पुन्हा लावली. गाडी आली, लाल, रेषेवर. नाना खुर्चीतून बघत होते. तो त्यांच्यापुढे जमिनीवर बसला आणि त्यांच्या उजव्या मुठीची बोटं एकेक करून उघडू लागला. आतला तो कुबट वास आला. त्यानं रिमोट खाली धरला आणि अंगठा रबराच्या तुकड्यावर टेकवला. "नाना, गाडी उभी शे," तो म्हणाला. वीस वर्षांत तो बापाशी या बोलीत बोलला नव्हता, आणि शब्द तोंडात जडच फिरले. "सोडा."

अंगठा हलला नाही. भाईदासनं त्यावर स्वतःचा अंगठा ठेवून दाबला. गाडी निघाली. नानांनी लगेच डाव्या हातानं त्याचा हात बाजूला सारला. "तू दाबू नको," ते म्हणाले, "मी दाबस." गाडी थांबली. ते पुढे झुकले, कपाळाच्या शिरा फुगल्या, मानेपर्यंत सगळा माणूस त्या अंगठ्यात उतरला, आणि अंगठा होता तसाच पडून राहिला. बाकीच्या गाड्या पुढे निघून गेल्या. वेळ संपली, पडदा विझला, पहिल्यापासून सुरू झाला, लाल गाडी पुन्हा रेषेवर. नाना परत झुकले. लाळ आली, लांबली, आणि रिमोट धरलेल्या भाईदासच्या मनगटावर पडली. कोमट. त्याला किळस आली. आलीच, ती काय कुणाला विचारून येते? पोटातून वरपर्यंत आली, त्यानं दात आवळले. लिला फडकं घेऊन दारात उभी होती, तिला त्यानं मानेनंच नको म्हटलं. नाना दाबत होते. भाईदासनं हात पुसला नाही.